यंत्राचं कपाळ

“मानवी श्रमाचं युग आज संपलं!” साजगावच्या कारखान्यात नारळ फोडून मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं आणि तडकलेल्या बाटल्या ओळखणारं यंत्र सुरू झालं. त्यानं पहिल्या चाळीसच्या चाळीस बाटल्या बाद केल्या. वीस वर्षं हेच काम नुसत्या डोळ्यांनी करणाऱ्या भागूबाईंनी खंडेनवमी म्हणून यंत्राच्या कपाळी कुंकू लावलं होतं. “मावशी, तो त्याचा डोळा हाय!” यंत्र बसवायला आलेला झहीर कळवळला. “मंग तोंड कुठं हाय रं? पेढा द्यायचाय.” झहीरनं काच पुसली. यंत्र तडकलेल्याच बाटल्या बाजूला काढू लागलं. भागूबाई कौतुकानं बघत राहिल्या. “जेवायची सुट्टी किती याला?” “लागतच नाय, मावशी.” साहेबांनी घसा खाकरून भागूबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. “बरं,” भागूबाई म्हणाल्या, “मंग माजं स्टूल घरी नेऊ का, साहेब? ह्याला काय बसायचं नाय.”