मेजरचा दाखला

शेजारच्या शेषगिरीनं रघुपतीरावांच्या घरातली, खुंटीवरची दाखल्याची चौकट स्वतःच उतरवली, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. त्याच्या उजव्या पोटरीला हळदीचा फडका बांधलेला होता. काल संध्याकाळी रघुपतीरावांच्या मेजरनं, म्हणजे त्यांच्या कुत्र्यानं, काही कारण नसताना तिथला लचका तोडला, हिसडा दिला आणि साखळीसकट पोबारा केला. अजून त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरनं साफ सांगितलं होतं. कुत्रा बांधून दहा दिवस बघा, धड राहिला तर मिटलं. कुत्राच हाती नसेल तर बेंबीभोवती चौदा सुया. आणि देवीची लस टोचणारा गल्लीत आला की शेषगिरी हा पन्नाशीचा गृहस्थ परसदारानं बाहेर पडत असे. त्याचा चेहरा बघून डॉक्टरनं जाता जाता एक फट ठेवली होती: कुत्र्याला लस टोचल्याचा दाखला असेल तर थोडा धीर धरून बघू.

असा दाखला साऱ्या गल्लीत एकाच घरी होता, आणि तो आहे हे गल्लीला महिन्यातून दोनदा तरी कळत असे. पाळलेल्या कुत्र्याला लस टोचून दाखला नि बिल्ला घ्यावा, अशी कार्पोरेशनची नोटीस लागली, त्याच आठवड्यात रघुपतीरावांनी तो आणून पेन्शनच्या हुकमाशेजारी टांगला. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या यल्लव्वाच्या कुत्र्याला कागद नव्हता. गाडी येऊन त्याला घेऊन गेली. त्या दिवशी रघुपतीरावांनी तिला ती नोटीस कन्नडमध्ये सावकाश समजावून सांगितली होती.

शेषगिरी ओळीवर बोट ठेवून वाचत होता. तीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढलेला माणूस. माणसाच्या चेहऱ्याआधी कागदाचा शिक्का बघणार. रंग तांबूस, एक कान फाटका, लस टोचली, सही, तारीख, शिक्का.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला आणि रात्रभर कोंडलेला श्वास त्यानं सोडला. मग आतल्या बाजूला तोंड करून त्यानं अहल्याअक्कांकडे कॉफी मागितली. साखर स्वल्प जास्त.

अहल्याबाई पेला घेऊन आल्या. तो शेषगिरीपुढे ठेवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. दाखल्याची खरी गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. लस टोचायला निघाले त्या दिवशी पिराजीच्या जटक्याच्या, घोडागाडीच्या, पायरीवर मेजरनं चारही पाय रोवले होते. रघुपतीरावांनी एकदा ओढला, दोनदा ओढला, मग त्याला अंगणात बांधून ते एकटेच गेले. कुत्रा बाहेर झाडाला बांधलाय, असं त्यांनी कार्पोरेशनच्या कारकुनाला सांगितलं. कारकून जुन्या ओळखीचा. त्यानं मान वर न करता शिक्का उठवला. तासाभरात दाखला घरी आला, तेव्हा अहल्याबाई मेजरला दूधभात घालत होत्या.

रघुपतीरावांनी मनाशी हिशेब मांडला. मेजर तसा निरोगी आहे. असेल. असावा. तिसऱ्या शब्दाला हिशेब अडला.

"शेषगिरी, कॉफी पी आणि दवाखान्यात जा."

शेषगिरी हसला. मी सुईला भितो हे ठाऊक आहे म्हणून इतकी थट्टा बरी नव्हे, म्हणाला.

"मेजरला टोचलेलं नाही."

"इथं टोचलंय म्हणून लिहिलंय, अण्णा."

"मी त्याला नेलाच नव्हता."

शेषगिरीनं काचेवर टकटक केलं. "सही आहे. शिक्का आहे. जावक नंबर आहे. आणि नुसत्या तुमच्या तोंडच्या बोलण्यावर मी हे खोटं मानू?"

त्याच्या स्वरात राग नव्हता. ऑफिसात अर्ज परत करताना जेवढी समजूत काढावी, तेवढीच होती. रघुपतीरावांनी त्याला पुन्हा सगळं सांगितलं, पाय रोवल्यापासून शिक्क्यापर्यंत. तो ऐकत राहिला आणि दाखल्याकडे बघत राहिला.

शेवटी रघुपतीराव उठले. पानाच्या तबकात अडकित्त्याशेजारी तांबड्या शाईची दौत होती. त्यांनी चौकटीचे खिळे उपसले, कागद बाहेर काढला, त्यावर तिरपी रेघ ओढून 'रद्द' लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि तो शेषगिरीपुढे धरला.

"कारण लिहा," शेषगिरी म्हणाला. "कारणाशिवाय रद्द होत नाही."

चौतीस वर्षांच्या नोकरीत रघुपतीरावांच्या एकाही कागदावर दुसऱ्याची तांबडी शाई पडली नव्हती. त्यांनी टाक पुन्हा बुडवला. कुत्रा नेला नव्हता. दाखला खोटं सांगून घेतला. दोन ओळी लिहायला त्यांना बराच वेळ लागला. अहल्याबाईंनी तोवर दारातून पिराजीला हाक मारून जटका बोलावला.

शेषगिरीनं त्या दोन ओळी वाचल्या. शाई ओली होती, म्हणून त्यानं फुंकर घातली. मग कागद खाली ठेवला आणि त्याचा हात आपोआप पोटाकडे गेला.

जटका दाराशी आला. शेषगिरीनं पायरीवर पाय ठेवला, दोन्ही हातांनी दांड्या धरल्या आणि तिथंच अडकला. उद्या गेलं तर नाही का चालणार, त्यानं विचारलं. मेजर संध्याकाळी येईलही. कोपऱ्यावर यल्लव्वानं गजरा ओवणं थांबवलं आणि ती बघू लागली. रघुपतीरावांनी छत्री काखेत मारली आणि मागून त्याला दोन्ही हातांनी रेटलं.

पुढे लगाम धरून बसलेल्या पिराजीनं मान वळवली नाही.

"ढकला, मालक. त्या दिवशी तुम्ही लवकर सोडून दिलंत."