गोल कोपऱ्यांची बटणं

स्ट्रेचरने तिसऱ्यांदा 'शस्त्रक्रिया' हे बटण दाबलं आणि ते पुन्हा जागच्या जागी थांबलं. फुटलेलं अपेंडिक्स घेऊन कुमुदिनी घोलप त्याच्यावर पडल्या होत्या. हल्ली स्ट्रेचर कुणी ढकलत नसे. रुग्णालयाची वेबसाइट वाचून ते आपली वाट आपणच शोधत असे.

"ही साइट कुठल्या दिवट्याने केली?" कुमुदिनीबाईंनी विचारलं. तीस वर्षं त्यांनी वेबसाइटच बनवल्या होत्या.

"मी केली, मॅडम," आरडाओरडा ऐकून धावत आलेला डिझायनर अद्वैत म्हणाला. "तिला बक्षीस मिळालंय."

"बटण दाबायचं असतं, लिंकवरून जायचं असतं. तू सगळ्या वाटांची बटणं करून ठेवलीस. हे बिचारं दाबतंय आणि काम झालं म्हणून थांबतंय. तुझ्यापेक्षा यालाच जास्त अक्कल आहे."

"पण लिंक केली की खाली रेघ येते. आमच्या संचालकांना ती गावंढळ वाटते."

"मग रेघ पुसता येते की! तेवढंही शिकला नाहीस? माझं पोट फुटलंय आणि तुला रेघेची पडलीय!"

अद्वैतने घाईघाईने लॅपटॉप उघडला. 'शस्त्रक्रिया'ची लिंक झाली, तिच्याखाली निळी रेघ आली आणि स्ट्रेचर लगेच निघालं. हुश्श करून त्याने लॅपटॉप मिटला.

ऑपरेशन थिएटरच्या दारात बाईंनी मान वळवली.

"मिटलास पण? 'डिस्चार्ज'चं अजून बटणच आहे, शहाण्या. मला घरी जायचंय."