मामाची मांडी

"मॅडम, बच्चा किसकी गोद में बिठाऊं?" सलूनवाल्या गनीने मशीन हातात धरून तिसऱ्यांदा विचारलं, आणि समिधाने तिसऱ्यांदा नवऱ्याकडे पाहिलं.

जावळ काढायचं म्हणजे बाळ मामाच्या मांडीत हवं. आता मामा पुण्यात आणि बाळ दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या सलूनमध्ये, करता काय? अकराव्या महिन्यात मामाला रजा मिळाली नाही. तेराव्यात त्याचा पासपोर्ट रिन्यूअलला गेला. जावळ विषम महिन्यातच काढायचं, तेरावा महिना आज संपत होता, आणि निनादच्या मानेवर घामोळं असं उठलं होतं की पोर दिवसभर मान खाजवत किरकिरत होतं.

"आयडिया!" विघ्नेश म्हणाला. हा समिधाचा नवरा. याच्या आयडिया घरात प्रसिद्ध होत्या. त्याने मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावला, फोन खुर्चीवर आडवा ठेवला आणि पोराला अलगद त्यावर बसवलं. "घ्या, बसला मामाच्या मांडीत. खलास!"

"जिजू, मला नुसता अंधार दिसतोय!" पोराच्या बुडाखालून मामाचा आवाज आला.

निनादने वाकून बघितलं, हात घालून फोन ओढून काढला, चाटला, आणि कॉल कट झाला. बाकावर नंबर लावून बसलेली माणसं हसली. समिधाला मात्र हसू येईना. बाळंतपणाला माहेरचं कुणी येऊ शकलं नव्हतं, बारशालाही नाही. निदान जावळ तरी रीतसर व्हावं, एवढंच तर मागत होती बिचारी. तिचे डोळे भरून आले.

"ताई," बाकावरून आवाज आला, "मी बसू का?"

तिने वळून पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात साइटवरचे जड बूट, आणि ओठावर भरघोस मिशी.

"म्हंजे, मामा म्हणून," तो माणूस चाचरत म्हणाला. "माझं नाव बाबाजी. पाटणकडचा. हितंच मागं लेबर कॅम्पात राहतो. हात धुऊन येतो पायजे तर."

विघ्नेशने समिधाकडे पाहिलं. समिधाने पोराकडे. पोर एकटक त्या मिशीकडे बघत होतं.

"या, दादा," समिधा म्हणाली.

बाबाजीने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि खुर्चीत बसला. निनादला मांडीत घेतलं मात्र, त्याने पाठीची कमान करून असं भोकाड पसरलं की गनीने मशीन बंदच केलं.

"काय पाव्हणं, कशापायी वराडताय?" बाबाजीने मान खाली केली. "ही घ्या. धरा मिशी. वडा, वडा. मामाचीच हाय."

निनादने दोन्ही मुठींनी मिशी धरली. रडणं थांबलं. बाबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने हूं की चूं केलं नाही.

मशीन सुरू झालं. समिधा आरशात बघत राहिली. पहिल्या फटक्याला कान उघडे पडले. एवढे मोठे कान होते याचे? मग टाळूवरची ती गुंडाळी गेली, जिच्यात नाक खुपसून ती रोज वास घ्यायची. बटा बाबाजीच्या मांडीवर पडत होत्या, आणि ती एकेक उचलून स्टीलच्या डब्यात ठेवत होती. दहा मिनिटांपूर्वी तिने कडेवर बाळ आणलं होतं. आता आरशात एक मुलगा बसला होता, हुबेहूब विघ्नेशचं कपाळ घेऊन, आणि तो तिच्याकडे बघून ओळखीचं हसला.

"दादा, दुपारी घरी जेवायला यायचं," तिने डब्याचं झाकण लावत सांगितलं. "जावळाच्या दिवशी मामाला उपाशी पाठवत नाहीत."

"येतो की. आधी माझं डोकं तर उरकू द्या." निनादला खाली उतरवून बाबाजी परत खुर्चीत टेकला. गनीने त्याच्या गळ्याशी कापड आवळलं.

आठ दिवस निनाद सोफा धरून, बोट धरून चालत होता. आज डोकं हलकं झालं म्हणून की काय, त्याने खुर्चीचा पाय सोडला आणि चार पावलं टाकत थेट काचेच्या दारापर्यंत गेला. दोन्ही हात काचेवर आपटून बाहेरच्या ट्रककडे बघत उभा राहिला. कुणालाही न धरता.

"अगं बाई!" म्हणत समिधा धावली, त्याच्याशेजारी फरशीवर बसली आणि रडायलाच लागली. "गेलं हो माझं बाळ. एवढ्यात गेलं."

"अगं, चालला तो! रडतेस काय?" विघ्नेश म्हणाला. "आणि केस काय, महिन्यात येतील."

"रडू द्या त्यांस्नी, साहेब." मान हलवायची सोय नव्हती, त्यामुळे बाबाजी आरशाशीच बोलला. "माझी पोरगी मी रांगती ठेवून आलो. दोन वर्सांनी गेलो, तर दप्तर अडकवून दारात उभी. 'आई, कोण आलंय बघ,' म्हणली. रांगती बघितली, अंगणवाडीतली बघितली. मधली काय मला गावली न्हाई."

विघ्नेश समिधाशेजारी फरशीवर टेकला. गनीची कात्री चालूच होती.

"ताई," बाबाजी म्हणाला, "त्याला ह्या बाजूनं चालवा की जरा. हितनं आरशात दिसत न्हाई."

समिधाने डोळे पुसले. निनादला उचलून मागच्या भिंतीपाशी नेलं, बाबाजीला आरशात नीट दिसेल असं उभं केलं, आणि बोट सोडलं.