लिंबावरची पिशवी

"माझी पिशवी कुठं हाय?" लिंबाखाली उभा राहून भुजंग ओरडला. फांदी रिकामी होती.

शेजारच्या द्वारकाबाईंनी अंगणातूनच सांगितलं, "आमचे हे सासूबाईंच्या अस्थी घिऊन शहागडला गंगेवर गेलेत. तुमचीबी पिशवी झाडाला दिसली. म्हणले, शेजाऱ्याचंबी काम होऊन जाईल."

भुजंगनं कपाळावर हात मारला. निजामाच्या हैद्राबादेत तो डॉक्टरकी शिकत होता. मागच्या वर्षी शरीरशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मास्तरांनी हातात हाड दिलं आणि सगळं पाठ असून याची वाचा बसली. नापास! यंदा पुन्हा वाचा बसली तर कॉलेज कायमचं सुटणार होतं. म्हणून सुटीत घोकायला त्यानं खऱ्या माणसाची हाडं वडीगोद्रीला आणली. आईनं ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. मग या शहाण्यानं ती पिशवीत बांधून लिंबाला टांगली. गावात अस्थी तरी याहून वेगळ्या कुठं ठेवतात?

कुणाची तरी सायकल ओढून तो शहागडच्या रस्त्याला लागला.

गोदावरीच्या घाटावर द्वारकाबाईंच्या नवऱ्यानं, बद्रीनाथकाकांनी, आपल्या आईच्या अस्थी सोडल्या होत्या. भटजी दुसरी पिशवी पुढ्यात घेऊन विचारत होते, "यांचं नाव? गोत्र?"

"थांबा!" भुजंग धापा टाकत पायऱ्या उतरला. "अस्थी न्हाईत त्या. माझा अभ्यास हाय!"

काका ओशाळले. "आरं, मी भलं कराया गेल्तो. घे बाबा, तुझं तुला."

भुजंगनं पिशवी छातीशी धरली. त्याचा जीव भांड्यात पडला. भटजींनी आपलं सहज विचारलं, "पण माणूस होता कोण?"

भुजंगनं पिशवीत डोकावून पाहिलं. त्या हाडांवरची खाच न् खाच त्याला ठाऊक होती. वर्षभर होस्टेलात ती त्याच्या उशाशी होती. पण हा कुणीतरी होता, हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो गुडघाभर पाण्यात उतरला. पिशवीतून मांडीचं हाड काढलं. मोठ्यानं त्याचं नाव घेतलं, कुठला स्नायू कुठं चिकटतो ते खणखणीत सांगितलं आणि हाड पाण्यात सोडलं. मग नडगी. मग खांदा, बरगड्या, एकेक मणका. घाटावर माणसं गोळा झाली, पण वाचा काही बसली नाही.

"आरं येड्या, परीक्षेचं काय?" काका कळवळून म्हणाले.

"मी बिलकुल पास होतो, काका. बघाच तुमी."

पिशवी रिकामी झाली. भटजी तर्पणासाठी खोळंबले होते. "गोत्र ठाऊक नसलं तर कश्यप म्हणू. नाव नसलं तरी चालवून घेऊ. पण तुझं यांचं नातं काय?"

भुजंगनं ओंजळ पुढं केली.

"माझे गुरुजी होते."