बारमाही धबधबा

पोरीच्या लग्नाच्या बोलण्यांत अर्जुनरावांनी पुण्याच्या व्याह्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "आमच्या गावाजवळ धबधबा हाय. बारमाही!" व्याह्यांनी ते मनावर घेतलं आणि भर मे महिन्यात, पोहायचे कपडे घेऊन, त्यांचा सगळा गोतावळा शिरूर कासारला हजर झाला.

आता इज्जतीचा सवाल होता. अर्जुनरावांनी आपल्या गड्याला, बजरंगला, पाण्याचा टँकर घेऊन गुपचूप कड्याच्या माथ्यावर पाठवलं आणि स्वतः पाहुण्यांना घेऊन खाली दरीत उतरले. सगळ्यांनी मोबाईल वर धरले. अर्जुनराव जरा बाजूला झाले आणि फोनवर पुटपुटले, "सोड बे!"

कड्यावरून एक बारीक धार आली, विहीणबाईंच्या गॉगलवर दोन थेंब पडले आणि कडा पुन्हा कोरडाठाक. फोनवर बजरंग नुसताच ओरडत होता, "आण्णा, आता माझ्या हातात काई न्हाई राह्यलं, तुमीच वर या!"

धापा टाकत अर्जुनराव माथ्यावर पोचले. टँकरभोवती गावातल्या साऱ्या बाया हंडे, घागरी, बादल्या घेऊन जमलेल्या. आणि सगळ्यांच्या पुढं, पाइपाचं तोंड घट्ट धरून, त्यांच्याच सौभाग्यवती, विजयमालाबाई.



"नुसतं बघत कावून उभे राह्यले?" त्या डाफरल्या. "पावन्यांच्या आंघोळीला घरात थेंब न्हाई. लावा हात हंड्याला!"