लाल गाडीचं इंजिन

पिस्टनची एक रिंग उलटी बसली होती. बार्ब्रोला ते उमगलं तेव्हा अख्खं इंजिन बांधून, गाडीत चढवून, तेल भरून झालं होतं. चावी फिरवल्यावर ते सुरू झालं खरं, पण मागून असा निळा धूर निघाला, की समोरच्या घरातल्या म्हातारीनं धाडकन खिडकी लावून घेतली.

बार्ब्रो गॅरेजच्या फरशीवर बसली. जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेली बाई ती. या हिवाळ्याआधी तिनं गाडीचं बॉनेटसुद्धा धड उघडलं नव्हतं.

"धूर निळा आहे का गं?" आतून रूनेनं विचारलं.

पक्षाघातानंतर नवऱ्याचा पलंग तिनं गॅरेजला लागून असलेल्या खोलीत आणला होता. त्याचं डावं अंग गेलेलं, बोलणं सावकाश. पण इंजिनाचं विचारलं की उत्तर चोख. मधलं दार उघडं ठेवायचं, तो पडल्या पडल्या सांगायचा आणि ती करायची.

"निळाच."

"म्हणजे तेल जळतंय. रिंग चुकली असणार." रूने म्हणाला. "राहू दे का आता? खूप केलंस."

त्याचा पडलेला आवाज तिला ऐकवेना. "राहू दे काय? परत उघडते."

"दमली नाहीस?"

"छे!"

खरं तर उठताना तिला गाडीचं चाक धरावं लागलं. बोटांना भेगा पडल्या होत्या, भेगांत काळं तेल, केसांना पेट्रोलचा वास. बहिणीबरोबर ऊन खायला कॅनरी बेटांवर जायचं होतं, ते राहिलं. चर्चमधलं गाणं सुटलं. त्या लाल गाडीकडे नुसतं पाहिलं तरी तिच्या मस्तकात तिडीक जायची.

पण इस्पितळातून घरी आल्यावर रूने कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. एकदा, काहीतरी बोलायचं म्हणून, ती म्हणाली होती, "तुझ्या गाडीचं इंजिन खिळखिळं झालंय ना? मी बांधू?" आणि तो वळला होता. एवढंच. तेवढ्यावर तिनं सगळा हिवाळा कंबरडं मोडून घेतलं. हे काम थांबलं तर तो पुन्हा भिंतीकडे वळेल आणि मग कशालाच वळणार नाही, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

इंजिन पुन्हा उतरलं, पुन्हा सुटलं. रिंग सुलटी बसली. वरचं झाकण लावायची वेळ आली तेव्हा तिनं पाना हातात घेतला आणि जोर लावला.

"हळू!" रूने ओरडला. "मधल्या बोल्टापासून बाहेर जा. प्रत्येकाला थोडं थोडं आवळ. इंजिन आहे ते, लोणच्याची बरणी नाही."

ती हसली. तोही हसला. बर्फ वितळायला लागलं त्या सुमारास इंजिन धूर न काढता फिरलं आणि त्याची घरघर खोलीभर भरली. रूनेनं डोळे मिटून घेतले. पापण्यांखालून पाणी आलं. बार्ब्रोला वाटलं, भरून पावले.

"आता शर्यतीत उतरव," तो म्हणाला.

तिनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. भीती शर्यतीतल्या धडकेची नव्हती, नियमाची होती. या गावाकडच्या शर्यतींत कुणी गाडीवर पाण्यासारखा पैसा ओतू नये म्हणून शर्यत संपली की मैदानातली हरेक गाडी ठरलेल्या किरकोळ किमतीला विकाऊ असते. कुणीही चिठ्ठी टाकून मागावी, मालकाला नाही म्हणायची सोय नाही. रूने इतकी वर्षं तिथं गाडी पळवत आला होता, पण त्याची गाडी कधी कुणी मागितली नव्हती. शर्यतीच्या क्लबात त्याला तेवढा मान होता.

"आणि कुणी मागितली तर?"

"आपल्या खटाऱ्याला कोण मागतंय? पळवायचीच नाही तर बांधली कशाला?"

मे महिन्यात बार्ब्रो बायकांच्या गटात उतरली आणि शेवटून दुसरी आली. दातांत रेती होती, पण जीव भांड्यात पडला. अशा गाडीला कोण विचारणार? तिनं टपरीवर कॉफी घेतली. तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला, "बार्ब्रोची लाल व्होल्वो. चिठ्ठी एक. घेणार इल्वा."

इल्वा शेजारच्या गावची, लाकडाच्या गिरणीत कामाला. तिच्या दारात आधीच दोन गाड्या गंजत होत्या.

"चिठ्ठी मागे घे," बार्ब्रोनं तिला गाठून सांगितलं.

"नाही घेता येत."

"अगं, काय करणार तू हिचं? शेवटून दुसरी आले मी!"

"ते चालवणारीमुळे. इंजिन झकास बांधलंयस." इल्वा जमिनीकडे बघत म्हणाली.

"तुला कळतंय का काही? या गाडीवर जगतोय तो! रिकामं गॅरेज बघून मरेल माझा रूने!" आणि बार्ब्रोला रडू फुटलं. चारचौघांत ती कधी रडली नव्हती, पण आता तिला आवरेना.

इल्वानं हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं. "सांगणार नाही असं कबूल केलं होतं मी," ती पुटपुटली. "पण तू अशी रडायला लागलीस तर... रूनेचाच फोन आला होता. म्हणाला, तू चिठ्ठी टाक, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही. तोही रडत होता गं. म्हणाला, 'मला आता त्या तेलाचा वाससुद्धा सोसत नाही. पण तेवढ्यावरच जगतेय ती. तिचं मन कसं मोडू?'"