सोळावा वाढदिवस

टेलरमास्तरांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणालाच बोलावलं नाही आणि बायकोला जवळ बसवून मोबाइलवर मॅच लावली. सतरा वर्षांखालच्या पोरांची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, आणि देशाच्या जर्सीत आपला लेक! शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं गोल ठोकला, तेव्हा मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मॅच संपली तसा मैदानावरच केक आला. सगळ्या टीमनं पोराला खांद्यावर घेतलं आणि अख्खं स्टेडियम त्याच्या सोळाव्या वाढदिवसाचं गाणं म्हणू लागलं. बायकोनं तोंडावर हात दाबून धरला.

थोड्या वेळानं लेकाचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं, हस की जरा! एवढ्या लांबून फोन केलाय त्यानं," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

तिनं डोळे पुसले. "केक खाल्लास का रे?"

"घशाखाली उतरला नाही गं, आई. त्याच्या वाटणीचा तुकडा तेवढा बाजूला ठेवलाय."

मास्तर मान खाली घालून हातातली कात्री उगाचच उघडत-मिटत बसले.

 

थोरला वयात बसत नव्हता, म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी तापानं गेलेल्या धाकट्याचा जन्मदाखला त्याच्या फॉर्मला जोडला होता. दाखल्यासोबत वाढदिवसही जाईल, हे तेव्हा त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.